लेख गेले नाहीत, ते दुसऱ्या फोल्डरमध्ये आहेत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर लगेच दिसेल. वडिलांच्या प्रवासलेखांची वर्डप्रेसवरची साइट होती. ते गेल्यानंतर होस्टिंगचं नूतनीकरण राहून गेलं आणि कंपनीने खातं बंद केलं. त्याआधी सीपॅनेलमधून, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावरून, घेतलेला पूर्ण बॅकअप तुमच्या विंडोज लॅपटॉपवर आहे, ३.८ जीबीची एकच फाइल. सेव्हन-झिप या दाबलेल्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅमने उघडल्यावर आत जेमतेम ३०० एमबीची एक फाइल दिसली. ती बाहेर काढताना चुकांची यादी आली. शेवटी फोटो सापडले, पण लेख कुठेच नाहीत, आणि इंडेक्स फाइलवर क्लिक केलं तर नोटपॅडमध्ये दहा-पंधरा ओळींचा कोड उघडतो. बॅकअप अर्धवट आहे का, लेख कायमचे गेले का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही बॅकअप बिघडल्याचं नाही. फाइल हातात नसताना खात्री देणार नाही, पण अशा दहा प्रकरणांत मी पाहिलंय की लेख त्याच फाइलमध्ये असतात, आपण चुकीच्या खोलीत शोधत असतो. वर्डप्रेसची साइट दोन ठिकाणी राहते. फोटो, थीम (साइटचं रूप), प्लगइन (जोडसुविधा) हे फाइलींच्या रूपात डिस्कवर असतात. लेख, शीर्षकं, तारखा, वाचकांच्या प्रतिक्रिया हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. तुमच्या वडिलांच्या एकाही लेखाची वेगळी फाइल सर्व्हरवर कधीच नव्हती. इंडेक्स फाइल फक्त वर्डप्रेसला उठवते, वर्डप्रेस डेटाबेसमधून मजकूर काढतं आणि पान त्या क्षणी तयार होतं. घरच्या लॅपटॉपवर ना पीएचपी (वर्डप्रेसचा कोड ज्या भाषेत चालतो ती) आहे ना डेटाबेस, म्हणून नुसता कोड दिसतो.

३०० एमबीचा धक्का बसणं साहजिक आहे. जीझिप या प्रकारच्या फाइलीत मूळ आकार लिहायला शेवटी फक्त ४ बाइट राखलेले असतात. त्यात ४ जीबीपर्यंतचाच आकडा मावतो, आणि त्यापुढे जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आतला खरा ऐवज ४.३ जीबीचा असेल तर पाटीवर ०.३ जीबी दिसणार. फोटो आधीच दाबलेले असतात, त्यामुळे ते झिप करून फारसे लहान होत नाहीत. ३.८ चे ४.३ होणं म्हणून अगदी जुळतं.

आता कामाला लागण्याआधी एक गोष्ट आजच करा. त्या मूळ फाइलची प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, नाव बदलू नका, आणि ती डिस्क बाजूला ठेवून द्या. यापुढचं सगळं लॅपटॉपवरच्या दुसऱ्या प्रतीवर करायचं. पेन ड्राइव्ह वापरणार असाल तर त्याचं फॉरमॅट बघा. फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. तुमची जेमतेम बसेल, पण तिच्यातून निघालेली बसणार नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेली डिस्क घ्या.

मग सेव्हन-झिपमध्ये ती फाइल निवडून ‘टेस्ट’ चालवा. काही मिनिटं लागतील. चूक आली नाही तर डाउनलोड पूर्ण झालंय, कारण फाइलच्या शेवटी एक तपासबेरीज असते आणि ती जुळल्याशिवाय चाचणी पार होत नाही. ‘अनपेक्षित शेवट’ अशा अर्थाचा संदेश आला तर डाउनलोड मध्येच तुटलंय. तरीही आशा सोडू नका. तुटलेल्या जागेपर्यंतचं बरंचसं बाहेर काढता येतं, कारण हा प्रकार पुढून मागे ओळीने वाचला जातो. अशा वेळी होस्टिंग कंपनीला मात्र त्याच दिवशी फोन करा. बंद खात्याचा डेटा कंपन्या किती दिवस ठेवतात हे प्रत्येकीचं वेगळं असतं आणि थकबाकी भरल्यावर काही जणी तो परत देतात. फोनवर नुसतं ‘साइट परत द्या’ म्हणू नका. खात्याचा पूर्ण बॅकअप डेटाबेससह हवा, असं सांगा.

फाइल ठीक असेल तर ती डबीत डबी आहे हे लक्षात ठेवा. बाहेरची जीझिप, तिच्या आत टार, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं. दोन्ही उघडल्यावर एक फोल्डर मिळेल, बहुधा त्याच्या नावात बॅकअपची तारीख आणि तुमचं खातं असेल. ते सी ड्राइव्हवर थेट एखाद्या छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये काढा. डेस्कटॉपवरच्या फोल्डरच्या फोल्डरमध्ये काढलं तर पत्ता लांबत जातो आणि विंडोज साधारण २६० अक्षरांपुढे कुरकुर करतं.

तुम्हाला चुकांची जी यादी आली ती बहुधा तीन प्रकारची असेल. पहिला प्रकार ‘सिम्बॉलिक लिंक तयार करता येत नाही’ असा. सीपॅनेलमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ नावाचं फोल्डर दिसतं, पण ते खरं फोल्डर नसून ‘पब्लिक_एचटीएमएल’कडे बोट दाखवणारी पाटी असते. विंडोजला साध्या परवानगीत ती पाटी लावता येत नाही, आणि त्यात तुमचं काही जात नाही. दुसरा प्रकार ईमेलच्या फाइलींचा. लिनक्सवर त्यांच्या नावात विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह असतं, ते विंडोजला नावात चालत नाही, मग सेव्हन-झिप ते बदलून टाकतं. वडिलांच्या पत्रव्यवहाराची गरज असेल तरच त्यात शिरा, पण मूळ प्रत त्यासाठीही जपून ठेवा. तिसरा प्रकार खरा नुकसानीचा आहे आणि तो सहज नजरेतून निसटतो. लिनक्सला मोठ्या आणि छोट्या लिपीतली दोन नावं वेगळी वाटतात, विंडोजला ती एकच. एकाच फोल्डरमध्ये तशी दोन नावं असतील तर दुसरी फाइल पहिलीवर बसते. सेव्हन-झिप ‘ही फाइल आधीच आहे, बदलू का’ असं विचारतं तेव्हा ‘सगळ्यांना हो’ म्हणू नका. ‘आपोआप नाव बदला’ हा पर्याय घ्या.

आता लेखांकडे. त्या फोल्डरमध्ये ‘होमडिर’ आणि ‘मायएसक्यूएल’ अशी दोन फोल्डर शेजारीशेजारी असतील. तुम्ही आतापर्यंत पहिल्यातच होतात. तिथल्या ‘पब्लिक_एचटीएमएल’मध्ये साइटच्या फाइली, फोटो वगैरे. दुसऱ्यात प्रत्येक डेटाबेसची एक डॉट-एसक्यूएल फाइल असते. तिच्याच नावाची पण ‘क्रिएट’ने संपणारी एक लहानशी फाइलही असते, ती सोडून द्या. दोन-तीन मोठ्या फाइली असतील तर कुठली आपली? ‘पब्लिक_एचटीएमएल’मधली ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिच्यात ‘डीबी_नेम’ या ओळीत डेटाबेसचं नाव लिहिलेलं असतं. खाली ‘टेबल_प्रीफिक्स’ ही ओळही असते, ती कागदावर उतरवून ठेवा, पुढे लागेल.

मग ती एसक्यूएल फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा. वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नका, त्यात ती खराब होते. शोधाच्या खिडकीत वडिलांच्या एखाद्या लेखातला नक्की आठवणारा शब्द टाका. गावाचं नाव, घाटाचं नाव, काहीही. एका निवृत्त शिक्षिकेच्या पाककृतींची साइट मी अशीच काढली होती. त्यांच्या मुलीने ‘आंबेहळद’ हा शब्द सांगितला आणि तो टाकल्यावर कोट्स, स्वल्पविराम आणि आकड्यांच्या गर्दीत एक अखंड परिच्छेद समोर आला. त्यांचीच वाक्यं, त्यांनीच टाकलेले विरामसुद्धा. मुलगी पुढचा अर्धा तास काही बोलली नाही, नुसती वाचत बसली. तुम्हालाही तसं एक वाक्य सापडलं की बॅकअपबद्दलची शंका मिटेल.

त्या फाइलीत मराठी कसं दिसतंय ते मात्र बारकाईने बघा, कारण मराठी साइटचं खरं दुखणं इथे असतं. मराठी स्वच्छ दिसत असेल तर उत्तम. ओळीच्या ओळी एकाच नक्षीने भरलेल्या दिसत असतील, म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेलं इंग्रजी ‘ए’ आणि त्यामागे चार काटे फुटलेलं गोल चिन्ह, पुन्हा पुन्हा, तर घाबरू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं असतं आणि पहिले दोन बाइट जवळजवळ सारखेच असतात. ते पश्चिम युरोपातल्या लिपीचे समजून वाचले की ही नक्षी तयार होते. बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा घातलाय. जुन्या साइटींत हे सर्रास आढळतं आणि ते परत फिरवता येतं. पण लेखांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग असेल तर त्या फाइलीतली मूळ अक्षरं गेलेली आहेत, कुठल्याही साधनाने ती परत येत नाहीत. अशा वेळी दुसरी प्रत शोधायची. ‘डब्ल्यूपी-कॉन्टेंट’मध्ये ‘अपड्राफ्ट’ नावाचं फोल्डर आहे का बघा. अपड्राफ्टप्लस हे प्लगइन आपले बॅकअप तिथेच ठेवतं आणि त्यात डेटाबेसची जुनी प्रत मिळू शकते. तेही नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साइटचा जुना पत्ता टाकून बघा. सगळी पानं मिळतीलच असं नाही, पण नावाजलेले लेख बऱ्याचदा मिळतात.

लेख आहेत हे कळल्यावर ते नीट वाचण्यासाठी घरच्या लॅपटॉपवर साइट चालवायची. इथे माझं मत ठाम आहे: जुन्या फाइली जशाच्या तशा चालवू नका. साइट वर्षभर कुणी पाहिलेली नसेल तर तिच्यात कुणी काहीबाही घुसवलेलं असण्याची शक्यता खरीच असते. बॅकअप काढताना विंडोज डिफेंडरने काही पीएचपी फाइली उचलून नेल्या असतील तर त्याचं कारण बहुधा हेच. शिवाय जुनी थीम नव्या पीएचपीवर अडते, सुरक्षेच्या प्लगइनने जुन्या सर्व्हरचे पत्ते सेटिंगमध्ये लिहून ठेवलेले असतात, आणि दोन दिवस त्यांच्याशी झगडण्यात जातात. त्यापेक्षा झॅम्प टाका, म्हणजे लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर, वर्डप्रेसच्या अधिकृत साइटवरून ताजं वर्डप्रेस आणून झॅम्पच्या ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये ठेवा, आणि जुन्यातून दोनच गोष्टी घ्या: डेटाबेस आणि ‘अपलोड्स’ फोल्डर. घेताना ‘अपलोड्स’मध्ये पीएचपीने संपणाऱ्या फाइली शोधून त्या प्रतीतून काढून टाका. फोटोंच्या फोल्डरमध्ये त्यांचं काही काम नसतं.

डेटाबेस आत घेताना झॅम्पमधल्या, डेटाबेस हाताळणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनचा ‘इम्पोर्ट’ मोठ्या फाइलीला नकार देतो, कारण अपलोडच्या आकाराला मर्यादा असते. आधी तिथेच एक रिकामा डेटाबेस बनवा, त्याची जुळणी (कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम) ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ ठेवा. मग झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलमधलं ‘शेल’ हे बटण दाबून मायएसक्यूएलमध्ये ‘रूट’ नावाने शिरा, तो डेटाबेस निवडा आणि ‘सोर्स’ लिहून पुढे एसक्यूएल फाइलचा पत्ता द्या. पॉवरशेलमधून फाइल ओतायच्या फंदात पडू नका. ते वाटेत अक्षरांची जात बदलतं, आणि वर सांगितलेली प्रश्नचिन्हं तिथेच जन्माला येतात.

सुरू होताच ‘अनोळखी कोलेशन’ अशी चूक आली आणि तिच्यात ‘०९००’ हा आकडा दिसला, तर जुन्या सर्व्हरवर मायएसक्यूएल ८ होतं. झॅम्पमध्ये मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचंच भावंड, असतं आणि तिच्या बऱ्याच आवृत्त्यांना ती जुळणी ठाऊक नसते. एसक्यूएल फाइलची प्रत काढून त्या नावाच्या जागी सगळीकडे ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ घाला, अर्धवट भरलेला डेटाबेस रिकामा करा आणि पुन्हा घ्या. लेखांच्या मजकुराला याने धक्का लागत नाही, ही फक्त शोधण्या-लावण्याच्या क्रमाची गोष्ट आहे.

पुढे नव्या वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलीत डेटाबेसचं नाव, वापरकर्ता ‘रूट’, पासवर्ड रिकामा, आणि मघाशी कागदावर उतरवलेला प्रीफिक्स. प्रीफिक्स चुकला तर वर्डप्रेसला डेटाबेस रिकामा वाटतो आणि ते नवीन साइट बसवायचं पान दाखवतं. ते पान दिसलं तर भरू नका, मागे येऊन प्रीफिक्स तपासा. त्याच फाइलीत ‘डब्ल्यूपी_होम’ आणि ‘डब्ल्यूपी_साइटयूआरएल’ या दोन ओळी घालून लोकलहोस्टचा, म्हणजे आपल्याच लॅपटॉपचा, पत्ता द्या. नाहीतर ब्राउझर जुन्या डोमेनकडे धावतो, तिथे काहीच नसतं, आणि माणसाला वाटतं की बॅकअपच मेलाय. वडिलांचा पासवर्ड माहीत नसेल तर पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये ‘यूजर्स’च्या तक्त्यात नवा पासवर्ड टाकून शेजारी ‘एमडी५’ निवडा. जुनी थीम नसल्याने बाहेरचं पान कोरं दिसेल, आत जाऊन वर्डप्रेससोबत आलेली थीम निवडली की लेख दिसू लागतात. काही लेखांत चौकटी कंसातले अनोळखी शब्द दिसतील. ते आता नसलेल्या प्लगइनचे आहेत, मजकूर त्यांच्या मध्येच असतो.

फोटो दिसणार नाहीत, कारण प्रत्येक लेखात फोटोचा पूर्ण पत्ता जुन्या डोमेनसकट लिहिलेला असतो. हा पत्ता एसक्यूएल फाइलीत ‘रिप्लेस ऑल’ने बदलायचा मोह टाळा. वर्डप्रेस काही सेटिंग लांबी मोजून साठवतं: आधी किती बाइट ते, मग मजकूर. ‘मराठी’ हा आपल्या हिशोबाने तीन अक्षरांचा शब्द, पण तिथे तो १५ बाइटचा. पत्ता बदलला आणि मोजणी तशीच राहिली तर ती नोंद वर्डप्रेस टाकून देतं, मग विजेट, गॅलऱ्या गायब होतात. ‘बेटर सर्च रिप्लेस’ हे प्लगइन किंवा डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसला लिहून आज्ञा द्यायचं साधन) ही मोजणी सांभाळून बदल करतात, त्यांच्याकडूनच करून घ्या. कोलेशनचं नाव मात्र मजकुरात नसतं, म्हणून तिथे साधा बदल चालला.

मुखपृष्ठ उघडतंय पण लेखावर क्लिक केलं की ४०४ येतं, असं झालं तर सेटिंगमधल्या ‘पर्मालिंक्स’ पानावर जाऊन काहीही न बदलता सेव्ह करा. आणि लेखांचे मराठी पत्ते मध्येच तुटलेले दिसले तर तो बॅकअपचा दोष मानू नका. वर्डप्रेस पत्त्याला २०० जागा देतं, देवनागरीचं एक चिन्ह त्यात ९ जागा खातं, म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर शीर्षक कापलं जातं. मूळ साइटवरही ते तसंच होतं.

फोटोंचं एक सांगायचं राहिलं, आणि तुमच्या बाबतीत ते महत्त्वाचं आहे. ‘अपलोड्स’मध्ये वर्ष, मग महिना अशी फोल्डर असतात आणि एका फोटोच्या पाच-सहा लहानमोठ्या प्रती असतात. नावाच्या शेवटी १५० बाय १५० असे आकडे असलेल्या प्रती वर्डप्रेसने स्वतः बनवलेल्या, त्यांचा अल्बम करू नका. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची ‘स्केल्ड’ नावाची प्रतही बनते. कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो म्हणजे आकडे नसलेला आणि ‘स्केल्ड’ नसलेला. घरच्यांसाठी जपायचा तो हाच.

इतकं जमलं की मागे वळून तीन गोष्टी तपासा: लेखांची संख्या आठवणीशी जुळते का, सर्वांत जुना आणि सर्वांत नवा लेख पूर्ण उघडतो का, आणि मसुद्यांत काही पडून आहे का. मसुदे जरूर बघा. साइटवर ते कधीच दिसलेले नसतात, त्यामुळे घरात कुणाला त्यांचा पत्ता नसतो. मग ‘टूल्स’मधून सगळ्याचा एक्स्पोर्ट घ्या. त्यात मजकूर येतो, फोटो येत नाहीत, म्हणून ती फाइल आणि ‘अपलोड्स’ फोल्डर एकत्र ठेवा.

साइट पुन्हा जगासमोर आणायची की नाही हे तुम्ही सावकाश ठरवा. डोमेन मात्र आजच तपासा, कारण तेही त्याच कंपनीकडे असेल तर त्याची मुदत वेगळी चालू असते आणि सुटलं की दुसरा कुणीही ते घेऊ शकतो. नव्या होस्टिंगवर हा पूर्ण बॅकअप तुम्हाला स्वतः सीपॅनेलमधून चढवता येणार नाही, ते काम सर्व्हरचे अधिकार असलेल्या कंपनीच्या माणसाचं. पण लॅपटॉपवर तयार झालेली स्वच्छ साइट तुम्ही चढवू शकाल, आणि मी तीच चढवण्याचा सल्ला देईन.

एखाद्या पायरीवर अडलात तर चूक दाखवणारा संदेश शब्दशः लिहा, एसक्यूएल फाइलच्या पहिल्या वीस-पंचवीस ओळी द्या आणि लेखातलं एखादं वाक्य तिथे कसं दिसतंय ते सांगा. कॉन्फिग फाइल कुणालाही पाठवू नका, तिच्यात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.